कोळ्याच्या धाग्याची फुली

बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फिजिक्स घेतलेले आम्ही अकरा जण होतो आणि बरा स्पेक्ट्रोमीटर एकच. प्रिझममधून जाताना प्रकाश किती वळला, तो कोन मोजायचं ते यंत्र. पितळी, जड, विलायतेहून आलेलं. त्याच्या दुर्बिणीला डोळा लावला की मधोमध दोन बारीक काळ्या रेघांची फुली दिसायची. तिला क्रॉसवायर म्हणत. प्रकाशाची पट्टी बरोबर त्या फुलीवर आणायची आणि मगच कोन वाचायचा. फुली नाही तर यंत्र आंधळं.

ती फुली मी तोडली.

प्रॅक्टिकलची परीक्षा जेमतेम पंधरवड्यावर आली होती. मला रेघा धुरकट दिसत होत्या, म्हणून मी दुर्बिणीचं डोळ्याकडचं भिंग काढलं आणि सदऱ्याच्या टोकानं आतून पुसलं. परत बसवून बघतो तर नुसता पिवळा उजेड.

प्रयोगाला माझा जोडीदार होता तो शिरोळकडच्या जैन शेतकरी घरातला. उंच, सावळा, दिवसाकाठी दहा वाक्यं बोलला तर खूप. त्यानं डोळा लावला आणि म्हणाला, "तुटल्या की रं."

"कुणाला सांगू नकोस," मी म्हणालो.

"मी न्हाय सांगणार. तू सांग."

मी सांगितलं नाही. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या खोलीवर आला. "आज दुसऱ्या दोघांची पाळी हाय त्या यंत्रावर. त्यांच्यावर जाईल हे. चल, मी येतो संगं."

आमचे सर पन्नाशीचे. काळा कोट, बाहीला कायम खडूची पूड. मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

"कशानं पुसलंत?" त्यांनी विचारलं.

"सदऱ्यानं."

"मग तुटणारच," ते म्हणाले. गणितातली चूक दाखवावी, इतक्या शांतपणे. मग थोडा विचार करून म्हणाले, "मुंबईहून मागवलं तर महिना जाईल. म्हणजे आपणच करायला हवं. मी हे कधी केलेलं नाही हं. फक्त वाचलंय."

कागलच्या शाळेपासून त्या दिवसापर्यंत 'मला हे येत नाही' असं म्हणणारा मास्तर मी पाहिला नव्हता. मी ओरडा खायच्या तयारीनं गेलो होतो.

सरांनी आधी माझ्या डोक्यावरचा एक केस मागून घेतला. भिंगातून तो मोटेच्या नाड्याएवढा जाड दिसला. रेशमाचा दोरा त्याहून जाड. "कोळी लागेल," सर म्हणाले. "त्याच्या धाग्याइतकं बारीक काही नाही."

जोडीदार पुढं सरकला. त्यानं विचारलं, "मारायला लागंल का, सर?"

सर हसले नाहीत. हातातली सुई खाली ठेवून त्यांनी नीट उत्तर दिलं, "मारून उपयोग नाही. धागा जिवंत कोळीच सोडतो. काम झालं की जिथला तिथं नेऊन ठेवायचा."

"मग मी आणतो."

प्रयोगशाळेच्या मागच्या झुडपातून त्यानं काचेच्या नळीत एक कोळी आणला. कोळ्याला एका काडीवर घेतलं, तसा तो तिच्या टोकावरून धागा सोडत खाली उतरू लागला आणि सर वाकवलेल्या तारेच्या चिमट्यावर तो धागा गुंडाळत गेले. पुरेसा झाला तसा जोडीदार कोळ्याला घेऊन बाहेर गेला. त्याच झुडपाची तीच फांदी शोधायला त्याला बराच वेळ लागला. सर तोपर्यंत चिमटा हातात धरून उभे होते. 'आटपा' म्हणाले नाहीत.

खरी परीक्षा पुढं होती. दुर्बिणीतल्या, करंगळीच्या नखाएवढ्या पितळी कड्यावर तो धागा ताणून लाखेनं चिकटवायचा. गुजरी या सराफपेठेतल्या सोनाराकडून मी लाख आणली, ती स्पिरिटमध्ये विरघळवली. सर बसले. धागा तुटला. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि खुर्चीवरून उठले. "माझे हात आता या कामाचे राहिले नाहीत. तुम्ही बसा."

सर उभे आणि विद्यार्थी त्यांच्या खुर्चीत! जोडीदार अवघडून टेकला. पण चिमटा हातात आल्यावर त्याचं अवघडलेपण गेलं. श्वास रोखून त्यानं पहिला धागा टेकवला, सुईच्या टोकानं लाखेचा ठिपका दिला, मग दुसरा धागा आडवा. मला सरांनी एवढंच काम दिलं होतं, "तुम्ही भिंग धरा आणि हलू नका." मी हललो नाही.

दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत ज्योतीत मीठ धरून पिवळा उजेड केला. "आधी तुम्ही बघा," सर त्याला म्हणाले.

"दिसतंय सर. पहिल्यापेक्षा बारीक हाय."

सरांनी बराच वेळ डोळा लावला आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुम्ही प्रिझमचा कोन काढा. दहा वेळा."

परीक्षेला पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी दुर्बिणीत पाहिलं. "क्रॉसवायर झकास आहेत. कुठून मागवल्या?"

"मागवल्या नाहीत. यांनी घातल्या," म्हणत सरांनी माझ्या जोडीदाराला पुढं केलं. त्याचे कान लाल झाले. पण परीक्षक विचारत गेले आणि तो सांगत गेला. वर्षभरात बोलला नसेल एवढा त्या दिवशी बोलला.

निकालात तो पहिल्या वर्गात आला. एम. एस्सी.ला पुण्याला जायला हवं होतं आणि घरून नकार होता. एका रविवारी सर मला बरोबर घेऊन एस.टी.नं त्याच्या गावी गेले. त्याचे वडील उसाच्या बांधावर भेटले.

"थोरला हाय त्यो, पावणं," वडील म्हणाले. "शेती कुणी बघायची? आनी एवढं शिकून करणार काय?"

"काय करील ते मला आज सांगता येणार नाही," सर म्हणाले. "पण वीस वर्षं शिकवतोय, असा विद्यार्थी मला मिळाला नव्हता. तो इथं राहिला तर मला वाईट वाटेल, एवढंच सांगायला आलो."

वडिलांनी हातातला विळा बांधावर ठेवला. मग पोराला हाक मारून म्हणाले, "सरांस्नी आधी रस तरी पाज की रं. उनातनं आल्यात."

जूनमध्ये तो पुण्याला गेला. मी मुरगूडच्या एका शाळेत शिकवायला लागलो.