चौतीसला चौतीसच म्हननाऱ्या शिस्टर

मिशनच्या शाळंतल्या मोठ्या शिस्टरच्या गळ्यात क्रूस हुता आन त्याच्या शेजारीच शिट्टी. चालायला लागल्या की दोन्ही एकमेकांवर आपटायचं, त्या आवाजानंच पोरं वळखायची. वर्गात गनित त्याच शिकवायच्या, आन शाळा सुटली की पदर कमरंला खोचून खो-खोच्या मैदानावर त्याच उभ्या. मंगळूरकडच्या. मराठी पुस्तकावानी बोलायच्या आन झाडूवालीलाबी अहो-जाहो करायच्या.

मी कदी शाळंत गेले न्हाई. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या पुढं आमची वस्ती. सून बाळंतपनात गेली, ल्योक कारखान्याच्या ट्रॅक्टरवर, हंगामात घरी फिरकायचा न्हाई. नात सारिका, आमची सारी, माझ्याच पदरात. मिशनची शाळा चालत जान्यासारखी हुती म्हनून तिथं घातली. आमी काय ख्रिस्ती न्हाई, पन शिस्टरनी त्ये कदी इचारलंबी न्हाई.

त्यांचा एक नेम हुता. चाचणीत एका जरी इषयात पस्तीसच्या खाली गेलं, की त्या पोरीला संघात जागा न्हाई. पुढच्या चाचणीपतुर मैदानाच्या कडंला बसून नुसतं बघायचं. आन त्या पस्तीसात घरचा अभ्यासबी धरायच्या. रोज वही दाखवली तर त्याचे मार्क, न्हाई दाखवली तर गेले. दुसऱ्या शाळांत खेळनाऱ्या पोरीला सर लोकं वर ढकलत्यात, हितं तसं न्हवतं. लोकं कुरकुर करायची. शिस्टर म्हनायच्या, "गुडघा मोडला की खेळ संपला. मग हिला कोण विचारणार?"

सारी लई पळायची. तिचा हात पाठीला लागला की मगच पुढचीला कळायचं, ही मागं हुती म्हनून. शाळा जिल्ह्याच्या पुढं कदी गेली न्हवती. त्या साली जानार, असं खेळाचे सरबी म्हनत हुते. नगरला सामन्यांना पुन्याची मानसं यायची हुती, खेळाच्या वसतिगृहात पोरी निवडायला. खानं, ऱ्हानं, शिक्षान समदं त्यांच्याकडं. सारीनं त्येच मनात धरलं हुतं. मीबी धरलं हुतं. माझ्या मागं पोरीचं कसं, ह्यो घोर तेवडा मिटला असता.

आन चाचणीत तिला गनितात चौतीस पडले.

पेपर वाईट न्हवता. घरच्या अभ्यासाचे मार्क गेले हुते. कांदं काढायचे दिस. मी दिस बुडाल्यावर घरी यायचे, तवर पोरीनं पानी भरायचं, शेरडं बांधायची, भाकरी टाकायच्या. मंग लाईट जायची.

खेळाचे सर शिस्टरकडं गेले, फादर गेले, दोगंबी हात हालवत आले. मंग मी गेले, कांद्याच्या मातीच्या लुगड्यावर. शिस्टरनी खुर्ची दिली. मी म्हनले, एकाच मार्काचं काम हाय, पोरीचा जलम सुधरंल.

"आजीबाई, तो मार्क मी दिला तर तो माझा मार्क होईल, तिचा नाही. पुण्यात माझा मार्क घेऊन ती किती दिवस पळेल?"

"तुमाला तरी जिंकायचं हाय ना?"

"मला फार जिंकायचंय," म्हनाल्या, आन खिडकीतून मैदानाकडं बघत बसल्या.

मी उठले. लई राग आला हुता, पन कुनाला सांगनार.

दुसऱ्या दिशी सांजच्याला त्या वस्तीवर आल्या. सारी चुलीम्होरं भाकरी थापत हुती. उभ्या ऱ्हाऊन बघितलं, पानी पिल्या, गेल्या. त्या आठवड्यापासून नेम फिरला. अभ्यास समद्यांनी शाळंतच करायचा, घंटा व्हायच्या आदी, वही घरी न्यायचीच न्हाई. पन चौतीस तसेच ऱ्हायले. सारीला म्हनाल्या, "नियमात माझं चुकलं, ते पुढं सुधारलं. झालेली चाचणी झाली."

नगरला सारीला संगं न्हेली आन कडंला बसवली. संघ थोडक्यात हरला. शिस्टर शिट्टी मुठीत धरून नुसत्या उभ्या ऱ्हायल्या, सारी सांगत हुती. येताना कोल्हारला गाडी थांबली तवा आपली भजी सारीच्या हातात दिली आन जाऊन गाडीत बसल्या.

पुढच्या चाचणीत सारीला गनितात एकसष्ट पडले. पन तवर सामने सरले हुते, आन शिस्टरची बदली आलती. श्रीरामपूरच्या स्टेशनावर आमी दोगी गेलो. त्यांच्याकडं एकच पिशवी. सारीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हनाल्या, "तुला नगरला खेळताना बघायचं राहिलं." गाडी गेली. पुढच्या साली सारी नगरला खेळली, चांगलं खेळली, पन पुन्याची मानसं आली न्हाईत.

आता शाळंत दुसऱ्या शिस्टर हायती. त्यो नेम काढून टाकला. पोरं खुश हायती.

सारी औंदा पोलीस भरतीला उतरली. पळन्यात पयली आली, लेखीत एका मार्कानं ऱ्हायली. गावातला एक जन घरी येऊन बसला. म्हनला, वळखीचा मानूस हाय, एवड्या एका मार्काचं तर काम हाय, आजी तुमी सांगा तिला. मी तिच्याकडं बघितलं. मला आता थकवा लई येतो, एकदाचं व्हावं असं वाटतं. पन मी उठून च्याचं आधन ठेवलं.

सारी म्हनली, "त्यो त्या मानसाचा मार्क व्हईल, काका." आन त्याला च्या दिला.

आता सांजच्या भाकरी मी टाकते. कडा फाटत्यात. ती तिकडं वाचत बसती.