सगळ्यांत सुखी खारवीवाडी

बंदरालगतची खारवीवाडी त्या नकाशात हिरवीगार दिसत होती आणि ते पाहून वाडीची आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका, मनिषा डोर्लेकर हिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

नकाशा होता रत्नागिरी शहराच्या मनाचा. एका संस्थेने आशाताईंना घरोघरी पाठवून विचारलं होतं, झोप लागते का, जीव घाबरतो का, जगणं नकोसं होतं का. उत्तरं जुळवून वस्त्या रंगवल्या. त्रास जास्त तिथे लाल, आलबेल तिथे हिरवा. सगळ्यांत लाल वस्तीत समुपदेशक बाई दर गुरुवारी बसणार होत्या. खारवीवाडीची उत्तरं मनिषानेच मोबाइलवर भरली होती. एकजात "बरं हाय".

बरं कसलं डोंबलाचं! शेजारच्या कमळाकाकीचा रूपेश बापाशी भांडून मुंबईला गेला, तो गेलाच. ना फोन, ना निरोप. काकीची झोप उडाली. शिमगा झाल्यावर एका संध्याकाळी ती जेटीशेजारी कमरेएवढ्या पाण्यात उभी सापडली. मनिषाने हाताला धरून ओढून आणली, तर म्हणते कशी, "पाय धुवायला गेलेले गो." तेव्हापासून काकीचं दार बंद दिसलं की मनिषा हाका मारत ते ठोठावायची. त्या समुपदेशक बाई वाडीत यायला हव्या होत्या त्या काकीसाठी.

पण सर्वेक्षण आलं ते ऐन आषाढात. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारून ठेवलेल्या आणि झाडून सगळे पुरुष घरात. मनिषाने काकीला झोपेचं विचारलं, तर उत्तर दिलं नवऱ्याने. ओटीवर जाळं शिवता शिवता धाकूकाका म्हणाला, "तिला काय धाड भरलीय? जेवते, खाते. लिही, बरं हाय." काकीने नुसती मान हलवली. घरोघरी हीच तऱ्हा. त्यात रत्नागिरीकरांचं आणखी एक दुखणं. मनोरुग्णांचं इस्पितळ गावातच, त्यामुळे पोर हट्टाला पेटलं की आई दरडावते, "गप बस, नायतर तिकडची गाडी बोलावते." अशा गावात मन ठिकाणावर नाही असं कोण लिहून देणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

मनिषा संस्थेच्या हर्षद सरांकडे जाऊन भांडली. "सर, नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर गेल्या की मी परत विचारते. बायका एकट्या असल्या तर बोलतील."

"ताई, डेटा लॉक झालाय. आणि उत्तरं तुम्हीच भरलीत ना?"

हे मात्र झोंबलं. पदरचं काही भरायचं नाही, असं प्रशिक्षणात त्यांनीच बजावलं होतं.

बाई बसल्या नकाशात सगळ्यांत लाल ठरलेल्या, टेकडीवरच्या कॉलनीत. तिथे मास्तर, बँकवाले, निवृत्त अधिकारी. त्यांना टेन्शन आलं की ते चारचौघांत सांगतात, वर थोडी ऐटही मिरवतात. मनिषा नुसती चरफडत राहिली. शेवटी होड्या सुटल्यावर एका गुरुवारी, बीपी तपासायच्या नावाखाली, तिने काकीला रिक्षात घातलं आणि वर नेलं. काकी आत गेली. मनिषा बाहेरच्या बाकावर दातओठ खात बसली. ही बया इथेही "बरं हाय" म्हणूनच बाहेर येणार, याची तिला खात्री होती.

आतून रडणं ऐकू आलं. बराच वेळ चाललं होतं. काकी बाहेर आली ती सुजल्या डोळ्यांनी. रिक्षात म्हणाली, "इथं वळखीचं कोण नाय गो. म्हणून बोलता आलं. पुढच्या गुरवारी येशील ना संगती?"

मनिषाला हसावं की रडावं कळेना. बाई वाडीतच बसल्या असत्या, तर चार घरांच्या नजरा चुकवून काकी तिथे कधीच फिरकली नसती. म्हणजे इतके दिवस आपण भांडलो ते चुकीच्या जागेसाठी, या विचाराने ती आणखीच वैतागली.

काकीपाठोपाठ वाडीतली मालन आली. मग मागच्या आळीतल्या दोघी. प्रत्येकीचं पालुपद एकच, "कोणाला बोलू नको हां." आणि बाईंनी पत्ता विचारला की प्रत्येकजणी कॉलनीचा ठोकून द्यायची. सुरुवात काकीनेच केली होती, "इथंच राहते, देवळामागं." बाईंनी तसं लिहून घेतलं. मनिषाने कपाळाला हात लावला.

वर्ष सरलं आणि नवा नकाशा आला. यंदा बाईंकडे आलेल्यांच्या नोंदीही पत्त्यांप्रमाणे त्यात धरल्या होत्या. कॉलनी लालबुंद. खारवीवाडी पहिल्यापेक्षा हिरवी.

सगळ्या आशाताईंच्या बैठकीत हर्षद सर खुशीत होते. "कॉलनीची गरज वाढलीय, बाई आता तिथे आठवड्यातून दोनदा बसतील. आणि मनिषाताईंची वाडी परत सगळ्यांत सुखी!" टाळ्या वाजल्या. मनिषा उठून उभी राहिली. सगळं ओठांवर आलं होतं. सर, तो तुमचा लाल रंग आमचा आहे, असं त्यांना तोंडावर सांगावं. पण मग पत्त्यांची चौकशी होणार. कोणीतरी मोबाइल घेऊन काकीच्या दारात येणार, आणि ओटीवर धाकूकाका असणार. तिला जेटीशेजारचं ते कमरेएवढं पाणी दिसलं.

"काही अडचण आहे का ताई, तुमच्या वाडीत?" सरांनी विचारलं.

लोकांना खोटं बोलता म्हणून वर्षभर शिव्या घालणारी मनिषा म्हणाली, "नाय सर. बरं हाय."