चपट्या टीव्हीवर न मेलेली पाखरं

माझ्या भावाने दिवाळीच्या एक्स्चेंज ऑफरमध्ये घरातला जुना डबा टीव्ही देऊन टाकला आणि भिंतीवर टांगायचा चपटा टीव्ही आणला, तेव्हा त्याला शिंगं फुटली. तशी ती फ्लॅट घेतला तेव्हाच उगवायला लागली होती. गाझियाबादच्या बाजूला शेतं बुजवून उभी केलेली ती वस्ती. टॉवरला नाव युरोपातल्या कुठल्याशा राजवाड्याचं, आणि पाणी टँकरचं. लॉबीत संगमरवर, गेटच्या बाहेर चिखल. रस्त्याला फुटपाथ नाही, बस नाही, शेअर ऑटो मिळाली तर अर्धं अंग बाहेर. पण दादाला विचारा, "यार, काय व्ह्यू आहे बघ!" डोंबलाचा व्ह्यू. समोर दुसरा टॉवर अर्धवट उभा होता आणि त्याच्या सळया दिसायच्या.

या व्ह्यूमध्ये बाबा राहायला आले होते. आई गेली, बाबा रिटायर झाले, दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडावं लागलं. आयुष्यभर मंत्रालयात चार्टर्ड बसने गेलेला माणूस, सामान म्हणावं असं काही नव्हतंच. त्यांनी बरोबर आणलं ते काय, तर स्कूटर, तो जुना टीव्ही आणि व्हिडिओ गेमचं खोकं.

हसू नका. तो गेम बाबांचाच होता. आणला होता दादासाठी, दहावी पास झाला म्हणून. बाजार नुकता खुला झाला होता आणि दिल्लीच्या पालिका बाजारात कसल्या कसल्या परदेशी वस्तूंच्या नकला मिळायला लागल्या होत्या. खोक्यात कॅसेट घालायची, टीव्हीला वायर जोडायची आणि एक पिवळं प्लास्टिकचं पिस्तूल. पडद्यावर पाखरं उडायची, नेम धरून मारायची. बाबांनी पहिल्या दिवशी "हे काय पोरकट" म्हणून नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, चहा घेतला, वेताच्या मुढ्यावर बसले आणि म्हणाले, "आण बघू ते इकडे." त्यानंतर आम्हा दोघांची पाळी यायची ती बाबा जेवायला उठल्यावर. काय नेम होता त्यांचा! एक डोळा बारीक करायचे, श्वास धरायचे, फट्, की पाखरू खाली. शेजारच्या क्वार्टरमधले बंगाली काका खास बघायला यायचे. दादाने तर लवकरच नाद सोडला. त्याला हरायला आवडायचं नाही, अजून आवडत नाही.

तर चपटा टीव्ही आल्यावर दादाने ऑफिसच्या मित्रांना बोलावलं. टीव्ही बघायला माणसं बोलावतात हे मी पहिल्यांदा ऐकलं. आमच्या लहानपणी बोलवावं लागत नव्हतं, येऊन बसायची. खाणंपिणं झाल्यावर साहेबांना काय सुचलं कोण जाणे. "मेरे पापा शार्पशूटर हैं," म्हणाला, आणि ते जुनं खोकं काढून नव्या टीव्हीला जोडलं. हे मला वहिनीने सांगितलं, हसत हसत. पाखरं अगदी झक्क दिसली म्हणे, ताटलीएवढाली. बाबा सोफ्यावर पुढे सरकून बसले, पिस्तूल उचललं, नेम धरला. पाखरू पडलं नाही. पुन्हा मारलं. पुन्हा काही नाही. कोणीतरी म्हणालं, "अंकलजी, चश्मा!" सगळे हसले. बाबाही हसले म्हणे.

दादाने यातून काय काढावं? की बाबांचे हात थरथरतात आणि नजर गेली. सॉफ्टवेअर कंपनीत मोठा मॅनेजर हा, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतो. डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाला मोतीबिंदूची सुरुवात आहे, या वयात असतेच, घाई नाही. दादाने त्यातलं "सुरुवात आहे" एवढंच ऐकलं आणि घरी येऊन स्कूटरची किल्ली आपल्या कपाटात ठेवून दिली.

मला फोनवर सांगताना सूर काय होता! "जबाबदारी माझी आहे ना. उद्या काही झालं तर?" मी म्हटलं, "अरे, गेल्या आठवड्यापर्यंत चालवत होते की!" तर म्हणतो, "वही तो. नशीब म्हणायचं."

त्या वस्तीत स्कूटर नसलेला म्हातारा म्हणजे फ्लॅटमध्ये कोंडलेला म्हातारा. रोज सकाळी बाबा स्कूटरवर भाजीला जायचे, आठवड्यातून दोनदा तरी आर. के. पुरमला जुन्या मंडळींत पत्ते कुटायला. येताना वहिनीसाठी कोथिंबीर आणि माझ्या भाचीसाठी गजक, ती तिळगुळाची कुरकुरीत वडी. ते सगळं बंद. आता खाली बागेत चक्कर मारायची, तीही कामवालीबरोबर.

मी तेव्हा गुडगावात भाड्याने राहत होते. ऑफिसच्या गडबडीत काही रविवार जाणं झालं नाही. गेले तेव्हा दार बाबांनी उघडलं. भिंतीला हात लावत चालत होते. माझ्यासाठी चहा आणला तो कप दोन्ही हातांत धरून, सांडेल म्हणून पावलं मोजत. मी म्हटलं, "बाबा, हे काय?" तर म्हणाले, "अगं, हात राहिला नाही आता. कळलंच नाही कधी गेला ते." त्यांना पटलं होतं, याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. डॉक्टर, दादा, वहिनी, ते दात काढणारे मित्र, सगळ्यांवर विश्वास, स्वतःवर नाही.

चिडून मी ते खोकं काढलं आणि त्या भल्यामोठ्या टीव्हीला जोडलं. पिस्तूल घेतलं आणि मारलं. काही नाही. पडद्याजवळ जाऊन, नळी पाखराच्या अंगाला टेकवून मारलं. तरी ते आपलं फडफडत वर निघून गेलं.

"दादा," मी हाक मारली, "तू मारून बघितलंस का रे हे?"

"मी कशाला? मैं थोड़ी खेलता हूँ ये सब."

म्हणजे बघा. एवढ्या माणसांनी ती पार्टी झोडली, डॉक्टर झाला, किल्ली कपाटात गेली, आणि त्या घरात एकालाही पिस्तूल स्वतः हातात घेऊन बघावंसं वाटलं नाही. म्हातारा चुकला, विषय संपला! मी म्हटलं, "माझेही हात गेले मग. माझीही ऑफिसची कॅब बंद कर." दादा म्हणाला, "पिस्तूलच बिघडलं असेल, पण त्याने काय होतं? वय तर झालंच आहे ना."

गुडगावला परत आले आणि नेटवर शोधलं. जुन्या गेमांचे वेडे लोक असतात, तासन्‌तास भांडतात कुठल्या टीव्हीवर कुठला गेम बरा दिसतो यावर. एरवी मी अशांना रिकामटेकडे म्हणाले असते. पण माझ्या भावापेक्षा त्यांना जास्त अक्कल निघाली. पिस्तुलातून गोळी थोडीच सुटते, पिस्तूल नुसतं बघतं. घोडा दाबला की क्षणभर पडदा काळा होतो, पाखराच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि पिस्तुलातला डोळा तो टिपतो. काचेच्या नळीचा जुना टीव्ही तो चौकोन त्याच क्षणी दाखवतो. चपटा टीव्ही चित्र आधी घोटत बसतो, मग दाखवतो, तोवर पिस्तुलाने डोळा मिटलेला असतो. त्यावर कोणाच्या बापाचा नेम लागणार नाही.

आता जुना टीव्ही हवा होता, आणि ते वर्ष असं, की सगळं गुडगाव जुने टीव्ही घराबाहेर काढत होतं. आमच्याच सोसायटीच्या बेसमेंटमध्ये जिन्याखाली ढीग पडला होता. कालपरवापर्यंत ज्यांच्यावर क्रोशाचे रुमाल घालायचे, हात लावला तर पोरांना धपाटे घालायचे, ते टीव्ही तोंड भिंतीकडे करून धूळ खात होते. मी त्यातला एक चालू निघालेला उचलला आणि टॅक्सीच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून गाझियाबादला नेला. वजन काय असतं त्या टीव्हीचं! माझी कंबर आठवडाभर बोलत होती.

दार उघडलं वहिनीने. "अय्या, हे काय उचलून आणलंय? फ्लोरिंगवर चरे पडतील हं." दादा म्हणाला, "हा डबा घालवायला मी ऑफर शोधली आणि तू परत घेऊन आलीस?" मी पाट मांडला, त्यावर टीव्ही ठेवला, वायर जोडली.

बाबा खुर्चीतून उठेनात. "नको गं. कशाला उगाच." मी म्हटलं, "बघा तर खरं," आणि स्वतः मारलं. माझा नेम आधीपासून भिकार, पण एक पाखरू पडलं. पडलं! बाबा एकदम पुढे वाकले. मग हळूच हात पुढे केला.

डोळा बारीक केला. श्वास धरला. फट्. खाली. दुसरं, खाली. तिसरं पार कोपऱ्यातून निसटायला आलं होतं, तेही खाली. पाखरांचा वेग वाढत गेला आणि बाबा मारत गेले, जीभ दातांत धरून. भाची टाळ्या पिटायला लागली. माझे डोळे भरून आले, लपवायचं कारण नाही.

दादाने मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली. "क्या बात है बाबा! अरे, म्हणजे टीव्हीचाच प्रॉब्लेम होता!" मित्रांना पाठवतो म्हणाला. चुकलं, हा शब्द काही तोंडातून निघाला नाही.

"किल्ली आण," मी म्हटलं.

"रहने दे ना यार. आता सवय झालीये त्यांना. रोज वॉक घेतात, छान चाललंय."

"दादा, किल्ली आण, नाहीतर तुझा तो भिंतीवरचा चपटा टीव्ही मी खाली काढते."

आणली. टेबलावर टाकली. बाबांनी ती उचलली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि चपला घातल्या. "चल," मला म्हणाले, "आर. के. पुरमला जाऊन येऊ. मंडळी बसली असतील." मी जिंकले होते. लिफ्टमध्ये मला दादाचं तोंड आठवून हसू फुटत होतं.

खाली स्कूटरवर बोटभर धूळ. बाबांनी फडक्याने सीट पुसली, आरसे पुसले, स्कूटर एका बाजूला कलती केली आणि किक मारली. दोन-तीन किकांत चालू झाली. मी मागे बसायला पदर सावरला तर बाबा हँडल सोडून बाजूला झाले होते.

"तू चालव," म्हणाले. "मी बसतो मागे. ते टीव्हीतलं वेगळं गं. इथे खरी माणसं असतात रस्त्यावर."

मी पुष्कळ बोलले. चिडले, विनवलं, पडद्यावरची पाखरं पुन्हा मोजून दाखवली. ते नुसते हसत राहिले, त्या पार्टीत हसले असतील तसे. शेवटी मीच पुढे बसले. वरच्या गॅलरीतून दादा ओरडला, "जपून हं बाबा!" आणि बाबांनी मागच्या सीटवरून आज्ञाधारकपणे माझा खांदा धरला.