पट्टा काढलेली मोटर

लाईट गेली आणि मिनिटभरात परत आली. टेबलावरचा बल्ब कुणी हात न लावता लागला. तेव्हा चूक माझ्या लक्षात आली.

आयटीआयमधून निवृत्त झाल्यावर मी ताडकळसला एका खोलीत प्रोग्रामिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. तो बल्ब सुमनताईंच्या प्रोजेक्टचा. पाच म्हशी सांभाळणाऱ्या ताईंनी कडबाकुट्टीची, म्हणजे म्हशींसाठी कडबा कापणाऱ्या मशीनची, मोटर पाच मिनिटांनी आपोआप बंद करणारा प्रोग्राम लिहिला होता. प्रोग्राम एका छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालतो; बोर्डाने सिग्नल दिला की रिले, म्हणजे एक छोटा स्विच, मोटर चालू-बंद करतो. वर्गात मोटरीच्या जागी बल्ब लावून आम्ही तो तपासला. मीच शाब्बास म्हणालो. आदल्या दिवशी त्यांच्या शेतातल्या गोठ्यावर तसाच दुसरा बोर्ड बसवला, तोही मीच.

चूक साधी होती. वीज आली की बोर्ड पहिल्या ओळीपासून प्रोग्राम चालवतो. पहिली ओळ होती, मोटर चालू. आधी बटण दाबलंय का, ही अट घालायचीच राहिली. बल्ब लागला तर कुणाचं काय बिघडतं? पण कुट्टीच्या तोंडात पाती असतात. लाईट नसताना अडकलेला कडबा लोक हातानेच काढतात.

त्यांच्या शेतात लाईट चारला येते. पावणेचार झाले होते. फोन लावला. रिंग जात होती, ताई उचलत नव्हत्या. गाडीला किक मारून निघालो. वाटेत पुन्हा फोन केला नाही. दुसऱ्याच कुणी उचलला तर, याची भीती वाटत होती.

गोठ्यात शिरलो. ताईंचा हात मनगटापर्यंत मशीनच्या तोंडात होता.

"ताई, हात काढा!"

तेवढ्यात लाईट आली. मोटर घरघरली. मी डोळे मिटून घेतले.

"सर, एवढं कामून घाबरलाव?"

डोळे उघडले. मोटर नुसतीच फिरत होती. पाती जागची हलली नव्हती. मोटरीवरून पात्यांकडे जाणारा पट्टा ताईंच्या खांद्यावर होता.

मी आधी मेन स्विच पाडला. मग विचारलं, "पट्टा कुणी काढला?"

"मीच. आत हात घालायचा म्हणलं की पैले पट्टा काढते. ह्या मशीननं सासऱ्याची दोन बोटं नेली. तुमचा बोर्ड लय हुशार हाय सर, पण बोटं माजी हायेत ना."

मी कडब्यावरच बसलो. चूक सांगितली. प्रोग्राम मीच पास केला होता, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी बटणाची अट स्वतः लिहिली. मी दहा वेळा लाईट बंद-चालू करून तपासली. प्रोग्राम आता बरोबर आहे. ताई पट्टा तरीही काढतात, आणि मी नको म्हणत नाही.