सीमेपलीकडचा हापसा

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आम्हा कारकुनांना नवी कचेरी मिळाली, आणि पाठोपाठ दुष्काळही आला. माझ्याकडे टँकरचं टेबल होतं. रेणापूर, निलंग्याकडची माणसं दिवसभर येऊन ओरडायची, मी अर्ज घ्यायचे, पण पाणी कुठून आणू हे मला कुणी सांगत नव्हतं. दोन उन्हाळ्यांत मी इतकी थकले की घरात कुणी तांब्याभर पाणी मागितलं तरी वसकन अंगावर जायचे. आई लुंबिनीला चल म्हणाली तेव्हा खरं सांगायचं तर मी भक्तीपेक्षा रजेसाठीच निघाले.

नेपाळात पोचेपर्यंत रेल्वे आणि बसने अंगाचा भुगा झाला होता. दर्शन झाल्यावर सोबतचे सगळे झाडाखाली आडवे झाले आणि नेमकी आईला तहान लागली. आमचा फिरकीचा तांब्या रिकामा होता. जवळच्या गावाबाहेर चार-सहा झोपड्या होत्या, तिकडे गेलो. मध्ये वस्तीचा हापसा. आठ-नऊ वर्षांची एक पोरगी हापसत होती, तिची धाकटी बहीण धारेखाली नाचत होती आणि पाणी सरळ केळीकडे वाहून चाललं होतं.

"लई पाणी हाय गं हितं," आई म्हणाली. मला मात्र त्या पोरींचा रागच आला. कुणाच्या पोरी, कुठला देश, तरी ओरडायला तोंड उघडलंच होतं मी.

मी तांब्या पुढे केला तशी मोठी पोरगी मागे सरली आणि तिने बापाला हाक मारली. तो हात पुसत आला. माझं मनगटी घड्याळ, आईची पांढरीशुभ्र साडी बघून हिंदीत अदबीने सांगू लागला, की आमच्या हातचं पाणी गावातले लोक घेत नाहीत, तुम्ही वरच्या आळीत जा.

मी काही बोलायच्या आत आई हापशापासून चार हात दूर उकिडवी बसली आणि तिने तोंडाशी ओंजळ धरली. कुणीतरी वरून पाणी घालेल म्हणून वाट बघायची, हे ती लहानपणी गावच्या आडावर शिकली होती. धम्म घेतला, मुलगी सरकारी नोकरीला लागली, तरी परक्या दारात तिचे हात आपोआप तसेच जुळायचे. मला तिची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून स्वतःचीही.

तो माणूस आईच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने हळूच विचारलं, "तुम्हीपण?"

"हाव," आई म्हणाली.

त्याने पोरीला घरात पाठवलं. तिने घासूनपुसून पितळी लोटा आणला, भरला आणि आईला दिला. आई उठून उभी राहिली आणि तोंड लावून घटाघटा प्यायली. पोरीने लोटा पुन्हा भरून मला दिला. मी मान मागे टाकली आणि वरूनच धार घेतली. कचेरीतल्या माठावरचा पेला मी कधी ओठाला लावला नव्हता. कुणी काही म्हणालं नव्हतं, पण म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही, असं माझं मीच ठरवलेलं होतं.

पोरीने बघितलं आणि मान खाली घातली.

"तोंड लाव," आई म्हणाली. "तिच्या घरचा लोटा हाय त्यो."

मी तोंड लावलं. तेव्हा कुठे पोरीने वर पाहिलं.