सावंत आजोबांचा व्हॉइस आला का?

शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाकडे पैसा साठत नाही, किस्से साठतात. त्यातही ज्याच्याकडे पालकांना कळवायचं काम असतं त्याच्याकडे तर इतके, की मधल्या सुट्टीत चहाबरोबर एकेक काढला तरी वर्ष पुरत नाही. आमची शाळा घाटकोपरची, मराठी माध्यमाची. मी सातवी ब ची वर्गशिक्षिका. उद्या शाळा आहे की नाही, डबा आणायचा की नाही, सहल कुठे, परीक्षा कधी, हे सगळं घराघरात पोचवायचं काम गेली अनेक वर्षं माझ्या गळ्यात आहे.

पूर्वी डायरीत चिठ्ठी चिकटवायचो. ती घरी पोचायची की नाही ते पोराच्या मर्जीवर. एकदा मला बाजारात एका मुलाची आई भेटली. मी म्हटलं, "अहो, तुम्ही पालकसभेला कधीच येत नाही." ती बिचारी संकोचून म्हणाली, "आम्हाला कोण बोलावणार मॅडम? ती हुशार मुलांच्या आईबाबांसाठी असते ना?" पोराने पाचवीपासून तिला हेच सांगितलेलं. तो पुढे मार्केटिंगमध्ये गेला, यात मला काही नवल वाटलं नाही.

मग व्हॉट्सॲप ग्रुप आले. आम्हाला वाटलं, सुटलो.

*

सुटणार कसले! आमचे मुख्याध्यापक माने सर. माणूस देव, पण मराठी लिहायला बसले की त्यांच्या अंगात मंत्रालय येतं. सूचना तेच लिहिणार आणि मी ती जशीच्या तशी ग्रुपवर टाकायची, असा नियम; सर स्वतः ग्रुपवर नुसते बघायला. 'उद्या जंताची गोळी देणार आहोत, मुलांना खाऊन पाठवा', एवढंच सांगायचं होतं. सरांनी लिहिलं, 'सर्व संबंधित पालकांस याद्वारे सूचित करण्यात येते की, राष्ट्रीय स्तरावरील जंतनाशक मोहिमेच्या अनुषंगाने...' आणि तिथून पुढे वाक्य जे निघालं ते कुठल्या स्टेशनला थांबेल याची खात्री नाही.

मी एकदा धीर करून म्हटलं, "सर, थोडं सोपं करू का?" सर म्हणाले, "शाळेची सूचना आहे मॅडम, भाजीवाल्याची पाटी नाही."

ग्रुपवर प्रत्येक सूचनेखाली एकच प्रश्न यायचा. "मॅडम, उद्या शाळा आहे ना?"

*

माझ्या वर्गातल्या ओंकार सावंतच्या नावापुढे जो नंबर होता तो त्याच्या आजोबांचा. मूळचे मालवणकडचे, परळला गिरणीत नोकरी केलेले, आजी गेल्यापासून मुलाकडे राहणारे. ओंकारची आई एका दुकानात दिवसभर, आणि बाबा प्रवीण अंधेरीला विमानतळावर मालाच्या गोदामात, शिफ्टची ड्यूटी. त्यामुळे घरी फोन उचलणारा माणूस एकच.

आजोबांची आणि माझी पहिली भेट दंततपासणीच्या दिवशी झाली. सूचना पालकांना गेली होती, म्हणून पालक हजर! इस्त्रीचा शर्ट, डोक्याला तेल, आणि मुलांच्या रांगेत सगळ्यात शेवटी शांतपणे उभे. त्यांची पाळी आली. डॉक्टरणीने तोंडात बॅटरी मारली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्हाला दातच नाहीत."

आजोबा म्हणाले, "ता माका म्हायत आसा. खंय गेले ता बघा."

*

ग्रुपवर त्यांचा पहिला आवाज आला तो त्या जंताच्या गोळीच्या वेळी. सरांची सूचना मी टाकली होती, खाली नेहमीचं "उद्या शाळा आहे ना?" सुरू झालं होतं, आणि मध्येच एक व्हॉइस मेसेज.

"नमस्कार मंडळी. मी ओंकार सावंताचो आजो बोलतंय. मास्तरांचा म्हणणा असा आसा, की उद्या पोरांका जंताची गोळी देतले. उपाशी पोटी धाडू नकात. पेज, भाकरी, काय ता खावक घालून धाडा. गोळी चावून खावची. बस, इतक्याच."

ग्रुपवर पहिल्यांदाच कोणी काही विचारलं नाही.

तेव्हापासून रीतच पडली. मी दुपारी सूचना टाकायची, आजोबा चष्मा लावून ती वाचायचे, मग व्हॉइस करायचे. पालक माझी सूचना उघडायचेसुद्धा नाहीत, आजोबांची वाट बघायचे. श्रुतीची आई अंधेरीला मोठ्या कंपनीत आहे, इंग्रजी फाडफाड. तिने मला तोंडावर सांगितलं, "मॅडम, खरं सांगू? तुमचा मेसेज मी डोळे मिटून फॉरवर्ड करते आणि आजोबांचा ऐकून डबा भरते."

मला राग यायला हवा होता. पण मीही सरांची सूचना नीट कळली की नाही ते आजोबांचा व्हॉइस ऐकूनच ताडून बघायला लागले होते, तर कोणत्या तोंडाने रागावणार?

*

आता व्हॉइस म्हटला की तो सूचनेवर थोडाच थांबतो. हळूहळू त्यात आजोबांच्या पदरचं पण यायला लागलं. गोरेगावला सहल निघाली तेव्हा बसमध्ये उलटी होणाऱ्या पोरांना काय द्यायचं ते आलं. खोकल्याच्या दिवसांत काढा आला. आणि एक दिवस हे आलं.

"ओंकारान काल शाळेतसून दुसऱ्याचो डबो घरी आणल्यान. भितुर चकली होती. ती आता नाय. डबो घासून ठेवलंय. कोणाचो आसात तेणी घेवन जावचो."

दुसऱ्या दिवशी वर्गात सगळे ओंकारला 'चकली, चकली' म्हणत होते. तो माझ्या टेबलाशी आला आणि अगदी हळू विचारलं, "टीचर, आजोबांना म्यूट करता येतं का?"

मी म्हटलं, "बाळा, मला माझ्या घरच्यांना अजून जमलेलं नाही."

*

मग तो शनिवार आला, ज्याने वाट लावली.

सातवीची वेशभूषा स्पर्धा ठरली होती. तेवढ्यात कळलं की त्याच दिवशी शिक्षण खात्याकडून तपासणीला मॅडम येणार आहेत. सरांनी स्पर्धा पुढे ढकलली आणि तशी सूचना लिहिली. आता सर ते. आधी स्पर्धेचं शैक्षणिक महत्त्व, मग विषय, मग वेळ, मग वेशभूषा साधी आणि घरगुती असावी हा आग्रह, आणि हे सगळं झाल्यावर तळाला, '...ही स्पर्धा अपरिहार्य कारणास्तव स्थगित करण्यात येत असून विद्यार्थ्यांनी गणवेशातच यावे.'

मेसेज लांब असला की फोन तो अर्धाच दाखवतो आणि खाली निळ्या अक्षरांत 'आणखी वाचा' येतं. आजोबांनी निळ्या अक्षरांपर्यंत वाचलं आणि व्हॉइस केला. "शनिवारी वेशभूषा आसा. खर्च करू नकात, घरात आसा ताच नेसवा."

मी नेमकी त्या संध्याकाळी एका लग्नात होते, तो ऐकलाच नाही.

शनिवारी सातवी अ गणवेशात. सातवी ब मध्ये दोन पोलीस, एक कोळीण, आईचा पांढरा कोट घातलेली डॉक्टरीण, डोक्यावर कुंडी घेतलेलं तुळशीवृंदावन आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात गळ्यापर्यंत गेलेला ओंकार. तपासणीच्या मॅडम दारातच थबकल्या. ओंकारला म्हणाल्या, "तू कोण?"

"मेट्रो."

"मग वर्गात काय करतोयस?"

"घाटकोपर शेवटचं स्टेशन आहे मॅडम. इथून पुढे जात नाही."

मॅडमना हसू आवरेना. पण माने सरांचा चेहरा बघून मला काही हसू आलं नाही.

संध्याकाळी मी आजोबांना फोन केला. म्हटलं, "आजोबा, खालचं 'आणखी वाचा' दाबलं नाहीत का?"

ते म्हणाले, "निळ्या अक्षरांका हात लावचो नाय, असा माझ्या झिलान, परवीनान सांगितल्यान हा. बँकेतले पैसे जातत."

*

सोमवारी प्रवीण शाळेत आला. ओंकार पाचवीत आल्यापासून पहिल्यांदाच. ड्यूटीचा शर्ट तसाच अंगात, डोळे तांबारलेले.

"मॅडम, बाबांचा नंबर काढा. माझा टाका."

"अहो, चूक काय कोणाकडूनही होते."

"चुकीचं नाही ओ. लोक हसतात त्यांच्यावर. माझ्या बापावर कोणी हसलेलं मला नाही आवडत."

मी म्हटलं, "कोणी हसत नाही." पण चकलीचं त्याच्याही कानावर गेलं होतं. सर तर म्हणालेच, "योग्य निर्णय." मी प्रवीणचा नंबर घातला आणि आजोबांचा काढला. काढला की ग्रुपवर तशी ओळ उमटते, सगळ्यांना दिसते. ती बघून मला फार वाईट वाटलं. एका म्हाताऱ्या माणसाला भर पंगतीतून उठवल्यासारखं झालं ते.

शाळा सुटताना आजोबा गेटवर ओंकारला न्यायला उभे होते. मी तोंड चुकवून निघणार होते, पण त्यांनीच हाक मारली.

"बाई, माझा चुकला ता माका समाजला. तेचा काय नाय. पण आता दुपारचा मी काय करू? तुमचो मेसेज येतलो म्हणान जेवल्यावर आडवो पडत नव्हतंय."

ओंकार त्यांचा हात धरून त्यांना रस्ता ओलांडून घेऊन गेला.

*

पुढची सूचना पालकसभेची होती. मी टाकली. सगळ्यांनी बघितली, कोणी हूं की चूं नाही. मग एकेकाचे मला वेगळे मेसेज. "आजोबांचा व्हॉइस आला का?" "आजोबांची तब्येत बरी आहे ना?" "सभा नक्की आहे का? आजोबा काही बोलले नाहीत म्हणून विचारलं." ग्रुपवर आता प्रवीण होता, पण तो बापडा गोदामात, फोन लॉकरमध्ये.

सभेला मात्र तो आला. मागच्या बाकावर अवघडून बसला. श्रुतीच्या आईने वळून विचारलं, "तुम्ही कोणाचे?"

"ओंकारचा बाबा."

बायांनी एकमेकींकडे बघितलं. काही लक्षात येईना.

"सावंत आजोबांचा मुलगा," तो म्हणाला.

मग काय, सगळ्या त्याच्याभोवती. आजोबा कसे आहेत, का गेले ग्रुपवरून, कोणी काही बोललं का? श्रुतीची आई म्हणाली, "हसायचो ना आम्ही. घरचं माणूस बोलल्यावर हसतो तसं. पोरांच्या शाळेतलं काही कळायचं ते त्यांच्यामुळेच." प्रवीण मान खाली घालून ऐकत होता.

सगळे गेल्यावर तो माझ्यापाशी थांबला.

"मॅडम, बाबा घरीपण काही बोलत नाहीत आता. आधी मी ड्यूटीवरून आलो की जेवताना शाळेतलं सगळं सांगायचे. ओंकारचं मला जे काय माहीत होतं ना, ते त्यांच्याकडनंच. आता मेसेज माझ्या फोनमध्ये आहे आणि मला काहीच माहीत नाही." मग म्हणाला, "टाका त्यांना परत. माझा पण राहू दे."

सभेला आलेले माने सर अजून तिथेच होते; मी त्यांच्याकडे बघितलं. सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सूचना जरा आखूड लिहीन म्हणतो."

*

आखूड म्हणजे सरांच्या मानाने आखूड. क्रीडादिनाची सूचना होती. 'पालकांच्या रस्सीखेचीकरिता माता व पिता उभयतांची उपस्थिती प्रार्थनीय आहे' वगैरे. मी ती टाकली आणि फोन हातात धरून बसून राहिले. थोड्या वेळाने व्हॉइस आला.

"नमस्कार मंडळी. मी सावंत बोलतंय. मी सगळा वाचलंय, निळ्याच्या खालचा पण. शनिवारी पोरांचे खेळ आसत. टोपी देवा, पाणी देवा. मगे आवस-बापसांची रस्सीखेच आसा, तेका दोघांनी येवचा. तुमका कामा आसत ता माका म्हायत आसा. मी पण गिरणीत जलम काढलंय. माझो झिल शाळेत धावण्यात पयलो इल्लो. तो कसो धावता, ता मी कधी बघूकच नाय. म्हणान सांगतंय. परवीन, तू आयकतस मा? सुट्टी घे."

रात्री ड्यूटी सुटली, प्रवीणचा फोन लॉकरमधून निघाला.

मग त्याचं उत्तर आलं. "हो बाबा."

त्याखाली श्रुतीच्या आईचं. "हो बाबा."

मग कोळिणीच्या आईचं, दोन्ही पोलिसांच्या वडिलांचं, तुळशीवृंदावनाच्या घरून, एकेक करत सगळ्या वर्गाचं तेच. "हो बाबा." "हो बाबा."

सगळ्यात शेवटी माने सरांचं.

"हो बाबा."