मेहुण्याच्या ट्रम्पेटवरची हॅट

आमच्या गावाला जॅझ लावला तो आमच्या मामांनी. लावला म्हणजे एखादं व्यसन लावावं तसा. त्याआधी इथले बँडवाले कागदात डोकं खुपसून सगळे एकदम वाजवायचे आणि एकदम थांबायचे. मामा क्लॅरिनेट घेऊन आले आणि म्हणाले, आपली पाळी आली की प्रत्येकानं मनाला येईल ते वाजवायचं. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. मामांनी त्यांचीच पोरं बँडमध्ये ओढली.

मनाला येईल ते कुठवर, याला मात्र नियम होता. मामांनी डोक्यावर हॅट चढवली की पाळी संपली. हे सगळ्यांना कळलं, फक्त मामीच्या धाकट्या भावाला सोडून. तो ट्रम्पेट वाजवायचा, आणि तोही डोळे मिटून. मामा हॅट घालत, काढत, पुन्हा घालत; नाचणारी जोडपी धापा टाकत खुर्च्या गाठत. बायकोचा भाऊ पडला, त्यामुळे मामांना तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शेवटी क्लबच्या मालकानं बजावलं, आज हा गडी वेळेत थांबला नाही तर उद्यापासून दुसरा बँड. अख्ख्या बँडची पोटं त्या क्लबवर होती. मामीनंच मन घट्ट केलं. "नाही थांबला तर काढा त्याला," ती म्हणाली. "मी बघते त्याचं काय करायचं ते."

संध्याकाळी त्याची पाळी आली, डोळे मिटले आणि स्वारी सुटली. मामांनी हॅट घातली, खाकरले, पाय आपटला. मालक उठताना दिसला तशी त्यांनी हॅट काढून सरळ ट्रम्पेटच्या तोंडावर दाबली. गडी थांबतोय कसला! तो डुलायला लागला, हॅटची उघडझाप व्हायला लागली, आणि ट्रम्पेट हट्टी पोरासारखा मुसमुसू लागला. दमलेली जोडपी खुर्च्या सोडून परत नाचायला आली. मालक म्हणाला, हे रोज पाहिजे.

तेव्हापासून इथला कुठलाही ट्रम्पेटवाला हॅटशिवाय स्टेजवर चढत नाही. टोपीवाल्यानं तर दुकानात मामांचा फोटो लावलाय.

त्या रात्री सामान आवरताना मेहुणा मामांजवळ आला. चेहरा पांढराफटक.

"भावोजी, मला वाटलं माझे कान गेले," तो म्हणाला. "म्हटलं, ऐकू येतंय तोवर वाजवून घ्यावं."

मामा मटकन खाली बसले. आधी हसले, मग त्यांना रडू आवरेना. पुढे जन्मभर हॅट दाबण्याआधी ते त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे, पोरगं घाबरू नये म्हणून. लोकांना तीही स्टाइल वाटली. आता इथले सगळे बँडमास्तर ट्रम्पेटवाल्याच्या खांद्यावर हात ठेवतात. कशासाठी, ते त्यांना माहीत नाही.